पिवळं दूध कुठं ओतायचं

२०११ साल. मला त्रेसष्टावं लागलं होतं. माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या मास्तरांचं आणि माझं पटेना, तेव्हा दोघांपैकी एकानं शाळा सोडायची पाळी आली आणि मी सोडली. पण आमच्या गावच्या दूध सोसायटीत टेस्टर म्हणून मी जे काम केलं ते बघायला शेजारच्या गावांतनं माणसं आलेली आहेत. निपाणीहून वेदगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घरटी एक-दोन म्हशी. दुधावरनं भांडण लागायला इथं काडीसुद्धा लागत नाही, पण माझ्या हातच्या फॅटवरनं कधी भांडण लागलं नाही. हे मी छाती काढून सांगतो. का सांगू नये?

आता मशिन आलंय. दूध ओतलं की आकडा दिसतो, लहान पोरगंसुद्धा टेस्टर होतंय. तेव्हा तसं नव्हतं. प्रत्येक सभासदाची एक बाटली कपाटात असायची. त्यानं घातलेल्या दुधातली एक पळी रोज त्या बाटलीत जायची, आणि थोड्या दिवसांनी बाटली भरत आली की सगळ्याची एकदम फॅट, म्हणजे दुधात लोणी किती ते, काढायची. पण शेवटी दूधच ते. दुसऱ्या दिवशी नासणार. ते नासू नये म्हणून बाटलीत एक औषध टाकावं लागायचं. पोटॅशियम डायक्रोमेट. हे नाव मी चुकत नाही. नातवंडं मुद्दाम म्हणायला लावतात आणि मी दरवेळी बरोबर म्हणून दाखवतो.

पुढं त्याच्या गोळ्या आल्या. आधी खडे यायचे. भडक नारंगी, मारुतीच्या अंगावरच्या शेंदराला मागं सारतील असे. वास अजिबात नाही. चव मला ठाऊक नाही. हाताला जड. पाण्यात खडा टाकला की तळाशी नारंगी धुरागत रेघ सुटायची आणि बघता बघता सगळं पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. दुधाचंही तेच. आणि एकदा दूध पिवळं झालं की मग त्याला काही होत नाही. ऐन उन्हाळ्यातही नासत नाही, फाटत नाही, वास मारत नाही. गावातल्या बाया त्याला हळदीचं दूध म्हणायच्या आणि माझं डोकं फिरायचं.

कारण त्या खड्यांनी मला आपली ओळख आधीच करून दिली होती. सुरुवातीला मी उघड्या हातानं खडे मोडायचो. कुणी सांगणारं नव्हतं. उजव्या हाताच्या बोटाला विळ्याचं लहानसं कापलेलं होतं. त्या कापल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. गोल, कडा उचललेल्या, आणि दुखणं मुळीच नाही. दुखलं असतं तर मी लवकर दवाखान्यात गेलो असतो. पुढं शेजारच्या बोटालाही तसंच झालं. महिनोन्महिने ते खड्डे भरेनात. खडे कुटताना उडालेली धूळ नाकात गेली तर नाकात खपल्या धरायच्या आणि सकाळी शिंकरलं की रक्त. निपाणीच्या डॉक्टरांनी बोटं उलटीपालटी करून बघितली आणि कामाचं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "ह्ये खातंय बघा. हळूहळू खातंय."

नंतर आमच्या सोसायटीचं दूध घेणाऱ्या दूध संघानं बेळगावला टेस्टर लोकांचा वर्ग घेतला, त्यालाही मी गेलतो. शिकवणारे साहेब सगळं कन्नडात बोलले. माझं कन्नड बाजारापुरतं. पण त्यांनी खड्यांची बरणी वर धरून जे पहिलं सांगितलं ते मला शेवटपर्यंत पुरलं. मुट्टब्याड, मूसब्याड, कुडीब्याड. हात लावू नका, हुंगू नका, पिऊ नका. बाकीचं शेजारी बसलेल्या चिकोडीकडच्या टेस्टरला विचारून विचारून घेतलं. तो वैतागला, पण मी सोडलं नाही. हे अंगात कापल्या जागेतनं शिरतं. वर्षानुवर्षं धूळ छातीत गेली तर कॅन्सर होतो. स्वतः पेटत नाही, पण शेजारी चिंध्या, भुसा किंवा रॉकेल असलं की त्या आगीला बळ देतं. आणि मातीत सांडलं तर कुजून जात नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीला मिळतं. बरणीवरची अक्षरं इंग्रजी होती. पण कवटी होती, मेलेला मासा होता, वाळलेलं झाड होतं. चित्रं मला वाचता येतात.

त्या दिवसापासनं मी हातमोजे घातले, नाकातोंडाला फडकं बांधलं. रांगेतली माणसं हसली. "अण्णा, कुणाचं बाळंतपण करायला निघालाय?" मी म्हटलं, "तुझ्या म्हशीचं. तुला जमत न्हाय म्हणून."

आता खरा प्रश्न. फॅट काढून झाल्यावर बाटल्यांत जे पिवळं दूध उरतं ते कुठं ओतायचं?

आमच्याकडं दूध मोरीत ओतत नाहीत. रस्त्यावर तर नाहीच. दूध पायदळी गेलं की म्हशीची कास आटते, असं मानणारी आमची माणसं, आणि त्यात मीही आलो. मग दूध उरलंच तर वारुळाला घालतात, उंबराच्या बुडाशी घालतात, नाहीतर कुत्र्यामांजरापुढं ठेवतात. माझ्या आधीचा टेस्टर तेच करायचा. सोसायटीच्या मागचा उंबर वाळला तो कशानं वाळला, हे गावात कुणी कुणाला विचारलं नाही. मला त्या बरणीवरचं झाड आठवलं.

मी ठरवलं, मातीत नाही, मोरीत नाही, कुणाच्या तोंडात तर नाहीच नाही. एक निळं प्लॅस्टिकचं पिंप आणलं, त्याला घट्ट झाकण, खोलीला कुलूप. पिंप भरलं की संघाच्या गाडीनं न्यायचं. संघ म्हणाला, आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, मग पाडा. बेळगावला हेलपाटे घातले, साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर डबा उघडून जेवलो, पुन्हा बसलो. शेवटी माझं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून असेल, पण गाडी यायला लागली. सगळ्या भागात आमच्या एकट्या सोसायटीचं पिंप न्यायला गाडी यायची. गाव म्हणायचं, अण्णांनी दुधाला तुरुंगात घातलंय. म्हणू दे. मी त्या गाडीला एकदाही थांबवून ठेवलं नाही. तिचा हॉर्न व्हायच्या आत पिंप दारात.

त्या २०११ साली वरल्या गल्लीतल्या आक्काची म्हस वेताला मेली. आक्का माझ्यापेक्षा थोडी मोठी. नातं काही नाही, पण गावातच जन्मलेली आणि गावातच दिलेली, म्हणून सगळ्यांची आक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बेळगावला कारखान्यात, सणावाराला येणारा. म्हस गेली, पण मागं रेडी ठेवून गेली. चांगल्या वाणाची, काळीभोर, कपाळाला पांढरा ठिपका. ती रेडी जगली तर आक्काच्या गोठ्यात पुन्हा म्हस उभी राहणार. नाही जगली तर गोठा मोकळा आणि त्या वयात आक्का मुलाच्या खोलीवर जाऊन पडणार. हे तिला ठाऊक होतं आणि गल्लीलाही. ती रेडीला तांदळाची पेज पाजत होती. पेजेवर रेडी कितीशी जगणार? फासळ्या मोजून घ्याव्या अशी झालेली.

आमच्या मंडळी एकदा तांब्याभर दूध घेऊन तिच्याकडं गेल्या. तांब्या तसाच परत आला. आक्का म्हणाली म्हणे, "आजवर कुणाच्या दारात हात पसरला न्हाय. आता रेडीच्या तोंडानं पसरू व्हय?"

मला हे आवडलं. मीही तेच म्हटलं असतं.

आमच्या गोठ्यातही तेव्हा धड नव्हतं. त्याच सुमाराला आमची म्हस व्याली आणि रेडा जन्मताच गेला. पिल्लू पुढं नसलं की काही म्हशी पान्हा सोडत नाहीत. आमची त्यातलीच. कास दगडासारखी, आणि चरवीत बोटभर दूध. जनावरांच्या डॉक्टरांकडं पान्ह्याचं इंजेक्शन मिळतं, बरेच जण रोज टोचतात. मी म्हटलं, रोज सुई टोचून घेतलेलं दूध माझ्या घरात नको. मेलेल्या रेड्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवलं. तिनं एकदा हुंगलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच ते बाहेर नेऊन ठेवलं. गावाला मी हे सांगितलं नाही. गावाच्या दुधाची पारख करणाऱ्याच्या घरची म्हस दूध देत नाही, हे काय चावडीवर सांगायचं?

एकदा फॅट काढून झाल्यावर मी बाटल्या बादलीत रिकाम्या करत होतो. आक्का दारात येऊन उभी राहिली.

"काय रं, हे दूध कुठं चाललं?"

"पिंपात."

"आणि पिंप?"

"बेळगावला."

"तिथं कोण पितंय?"

"कुणी पीत न्हाय आक्का. विष हाय ते."

"कवाचं दूध म्हणायचं हे?"

"आठवड्याचं असंल."

"आणि नासलं न्हाय?"

"न्हाय."

"आठवडाभर नासलं न्हाय, आणि म्हणं विष! माझ्या घरात सकाळचं सांजंला फाटतंय. ह्येच्यापरास चांगलं दूध मी बघितलं न्हाय."

"आक्का, ज्या दुधात विरजणाचा किडा जगत न्हाय, त्यात तुझी रेडी जगंल व्हय?"

"माझी रेडी किडा हाय व्हय रं?"

ती आत आली, बादलीत वाकून बघितलं. पिवळं, दाट, वर साय धरायला लागलेलं.

"मी मागायला आले न्हाय," ती म्हणाली. "तुमी टाकताय ते न्हेते म्हणते. टाकलेलं न्हेलं तर कुणाचं उपकार न्हाईत."

"देणार न्हाय."

"टाकशील पण देणार न्हाईस."

"टाकतसुद्धा न्हाय. ठेवतोय."

"मग पूज त्याला," म्हणाली आणि गेली.

ती सोसायटीच्या चेअरमनकडं गेली. आमचे चेअरमन वयानं माझ्याहून लहान, तंबाखूचा व्यापार असलेल्या जैन घरातले. मुंगी दिसली तर पाऊल आखडतील असा माणूस. उपाशी रेडीची गोष्ट ऐकून ते माझ्याकडं आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"अण्णा, उकळून दिलं तर?"

"उकळल्यावर जंतू मरत्यात. हे जंतू न्हवं. मिठाचं पाणी उकळलं तर मीठ जातंय काय?"

"पाणी घालून पातळ केलं तर?"

"मग पातळ विष हुईल."

"अण्णा, एक जीव मरतोय ओ."

"म्हणूनच देत न्हाय."

ते मान हलवत गेले. मी समजलो, पटलं.

नंतर पुन्हा फॅट काढायचा दिवस आला. पिंप काठोकाठ भरलं होतं आणि गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. म्हणून त्या दिवशीचं उरलेलं दूध मी बादलीतच ठेवलं, वर झाकण, खोलीला कुलूप, आणि म्हशीसाठी खनिज मिश्रण आणायला वडापच्या जीपनं निपाणीला गेलो. परत येऊन खोली उघडली तर बादली नाही. कुलूप शाबूत. दुसरी किल्ली एकाच माणसाकडं होती.

उंबऱ्यावर पिवळा थेंब पडला होता. पायरीवर दुसरा. मी पळालो. माझ्या वयाचा माणूस धोतर वर खोचून वरल्या गल्लीत पळतोय म्हटल्यावर लोक दारात आले. कुणीतरी विचारलं, "अण्णा, आग लागली काय?" मी म्हटलं, "लागायचीय."

आक्काच्या अंगणात तीन दगडांवर पातेलं. दूध उकळून खाली उतरवलेलं. चेअरमन कट्ट्यावर बसलेले, लेकराला जेवताना बघावं असं तोंड करून. रेडी लिंबाला बांधलेली, दाव्याला हिसके देत होती. आक्का पातेल्यात बोटं घालून बघत होती, दूध रेडीच्या तोंडाला सोसेल एवढं निवलं की नाही.

"पाजलं?" मी ओरडलो.

"पाजते की. दम काढ. उकळलंय, हळदीचं दूध..."

मी पातेलं धरलं. तिनंही धरलं. बादली शेजारीच होती, मला ते परत बादलीत ओतायचं होतं. पण आक्काचा हात म्हणजे शेतातला हात. मी ओढतोय, ती ओढतेय, चेअरमन "अण्णा, अण्णा" करतायत. अर्धं दूध बादलीत गेलं आणि अर्धं अंगणात सांडलं.

रेडीनं तेवढ्यात दावं ताणलं, गाठ सुटली आणि ती थेट त्या थारोळ्याकडं. मी तिला उचलली. पेजेवरची असली तरी म्हशीची अवलाद, वजन लागतंच. पण उचलली, खांद्यावर घेतली, आणि आक्काच्या ओसरीवर नेऊन बांधली. तोंड उघडून बघितलं, जीभ बघितली. पांढऱ्या पेजेशिवाय काही नव्हतं.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "दारात दूध सांडलं गं बाई. आता हिच्या गोठ्यात म्हस नांदायची न्हाय."

आक्का माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "ऐकलंस? माझ्या दारात दूध सांडलंस तू. माझ्या रेडीच्या तोंडातनं काढून मातीत घातलंस."

मला अंगणाच्या कोपऱ्यातला तिचा आड दिसत होता. ओलाव्याची पिवळी रेघ उतारानं त्याच दिशेला चालली होती. मी म्हटलं, "कुदळ दे."

"कशाला?"

"कुदळ दे. आणि खताच्या मोकळ्या पिशव्या."

तिनं दिली नाही. मी तिच्या गोठ्यातनं घेतली. आणि खणायला लागलो. आधी रेघेच्या पुढच्या टोकाला आडवा चर, म्हणजे पुढं जायला नको. मग मागं मागं येत सगळी पिवळी माती. पिवळं दिसायचं संपलं तिथनं आणखी वीतभर. माती पिशवीत भरायची, तोंड आवळायचं. गल्ली हसायला लागली होती, पण पिशव्या वाढल्या तसं हसणं कमी झालं. एक माणूस दुसऱ्याच्या अंगणाची माती घाम गाळून खणून नेतोय, ती काय गंमत म्हणून नेत नसणार, एवढं कुणालाही कळतं.

चेअरमन उठले. मनगटावरचं घड्याळ काढून कट्ट्यावर ठेवलं. "अण्णा, मला खोरं द्या."

"आधी माझं हातमोजं घाला," मी म्हटलं. पळताना ते माझ्या खिशातच राहिले होते. "मला काय, माझी बोटं त्याला ओळखत्यात."

त्यांनी घातले. तंबाखूच्या गादीवर बसणारा माणूस, पण मागं हटला नाही. मध्येच हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, उकळलं की झालं." मी म्हटलं, "गावाला तसंच वाटतंय. तुमाला एकट्याला न्हाय."

माती संपल्यावर मी आक्काकडं वळलो. ती ओसरीवर रेडीजवळ बसली होती, तोंड फिरवून.

"हात दाव."

"कशाला?"

"दाव म्हणतो न्हवं."

तिनं हात पुढं केले. भेगा भेगा. आणि प्रत्येक भेगेत पिवळं. मी आडाचं पाणी शेंदलं, पोहऱ्यावर पोहरा, आणि तिच्या हातावर ओतायला लागलो, खाली घमेलं ठेवून; ते पाणीही पिवळ्या दुधाच्या बादलीत. ती बडबडत होती. "एवढं पाणी लग्नातली हळद उतरवायलाबी लागलं न्हवतं." बाया हसल्या. आक्काही किंचित हसली आणि लगेच तोंड वाकडं केलं.

मग तिला माझी बोटं दिसली. हातमोज्यांमुळं इतकी वर्षं कुणी ती नीट बघितली नव्हती.

"हे काय रं?"

"ह्याच खड्यांनी केलंय. बोटाला कापलेलं, तिथनं शिरलं."

तिनं आपलं बोट माझ्या बोटावरच्या खड्ड्यात घालून बघितलं. "दुखतंय?"

"कधीच दुखलं न्हाय. दुखलं असतं तर एवढं खाऊ दिलं नसतं."

तिनं हात वळवून आपल्या भेगा बघितल्या. तोंड काही मऊ झालं नाही. पण आवाज खाली आला. "बरं. मग मी रेडीला काय घालू? तुझी माती?"

मी आयुष्यात कुणाला उत्तर दिल्याशिवाय परत आलेलो नाही, त्या दिवशी आलो. एका खांद्यावर पिशवी, हातात तिचं पातेलं. ते पातेलंही आता चुलीवर जायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. चेअरमन मागनं बादली आणि बाकीच्या पिशव्या हातगाड्यावर घालून आले.

घरी आल्यावर मी मंडळींना म्हटलं, "आक्काला एक पातेलं द्यावं लागणार."

"माझ्या माहेरचं मोठं हाय, ते देऊ?" मंडळी म्हणाल्या. खोचून.

"दे."

त्यांनी खरोखरच काढलं, राखेनं घासलं, आणि माझ्यापुढं आपटलं. मग शेजारी बसल्या. "पातेलं घेईल ती. तुमी तिचं न्हेलं म्हणून. दूध घ्यायची न्हाय."

"ठावं हाय."

"आपल्या म्हशीपुढं रेडकू न्हाय. तिच्या रेडीला आई न्हाय. हे सगळ्या गल्लीला कळतंय. तुमास्नी सोडून."

मी त्यांच्याकडं बघितलं. "गल्लीला आपल्या म्हशीचं कुणी सांगितलं?"

"म्हशीचं कुणी सांगायला लागतंय व्हय? सकाळी लहान कॅन घेऊन रांगेतनं जाताय, ते गावाला दिसत न्हाय?"

मी पातेलं उलटं करून ठेवलं.

"तिला द्यायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तिच्याकडं मागायला जावा. म्हणावं, माझी म्हस पान्हा सोडत न्हाय, तुझी रेडी लाव. उपकार तिचं होऊ देत."

"मी? मागायला?"

"न्हाय तर सुई आणा."

सुई मी आणणार नव्हतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. जेवण झालं. भाकरी नीट उतरली नाही, पण तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीचं शटर अर्धं उघडलं, शिपायाला रांग लावायला सांगितली आणि घरी परत येऊन म्हस सोडली. रेडी इकडं आणायची नाही, म्हस तिकडं न्यायची, हे मी माझं मी ठरवलं. मागायला जायचं तर तिच्या दारात जायचं. एका हातात दावं, दुसऱ्या हातात पातेलं, पातेल्यात मीठ घातलेला कोंडा. मुद्दाम मागच्या बोळातनं गेलो नाही. सोसायटीसमोरनं गेलो, रांग उभी होती, तिच्या पुढ्यातनं. कॅन घेऊन उभ्या असलेल्यांतला एक म्हणाला, "अण्णा, म्हशीची फॅट म्हशीसकट काढणार काय?" दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. मी मान खाली घातली नाही.

आक्का अंगण झाडत होती. खणलेल्या जागेत तिनं नवी माती टाकून चोपलेली. मी म्हस त्या जागेच्या अलीकडं थांबवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"पातेलं. तुझं मी न्हेलतो."

तिनं घेतलं, ठोकून बघितलं. "माझ्यापरास जड हाय. आणि हे दुसरं?"

"माझी म्हस पान्हा सोडत न्हाय. रेडा गेल्यापासनं. मला सुई टोचायची न्हाय. तुझी रेडी लाव म्हणतो. मागायला आलोय."

आक्का केरसुणीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. माझ्याकडं बघितलं, म्हशीच्या कासेकडं बघितलं. "कास दगड झालीय की रं! कधीपासनं तटून ठेवलीस बिचारीला?" आणि मला काही बोलू न देता ओसरीकडं वळली. "सांजसकाळ आणायची. उशीर केलास तर मी थांबणार न्हाय."

"बरं."

रेडीच्या अंगावर मी मीठ-कोंडा चोळला, पाठीवर, शेपटीजवळ. म्हशीनं आधी फुर्र केलं, एक पाऊल मागं घेतलं. मग मान लांब केली, हुंगलं. मिठाची चव लागली तशी जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, पुन्हा चाटलं. रेडीला कुणी शिकवावं लागलं नाही. ती पायांत शिरली, डोक्यानं ढुशी दिली, सड धरला. थोड्या वेळानं म्हशीचा सगळा अंगचा ताण सुटला. रेडीच्या ओठांच्या कोपऱ्यातनं फेस यायला लागला. पांढरा.

खालनं सोसायटीकडनं संघाच्या गाडीचा हॉर्न आला. पिंप, बादली, मातीच्या पिशव्या, आक्काचं जुनं पातेलं, सगळं आज जायचं होतं. हॉर्न पुन्हा वाजला. मग लांबलचक.

"जा की," आक्का म्हणाली. "तुझी गाडी आली."

"थांबंल," मी म्हटलं, आणि रेडीचं पोट भरेपर्यंत दावं धरून तिथंच उभा राहिलो.